निळा म्हणजे कोणता निळा?

आयोजकांनी ‘कलासमीक्षा’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी चित्रप्रदर्शनावर लिहिण्यापुरतंच बोलतो.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. एका दैनिकाच्या पुरवणीसाठी पहिलं परीक्षण लिहायचं होतं. दालनात मी पाऊण तास होतो, त्यातला निम्मा वेळ चहा आणि ओळखीपाळखीत गेला. घरी आलो, माहितीपत्रक समोर ठेवलं आणि लिहून टाकलं, ‘तैलरंगांचा घनदाट पोत मनाचा ठाव घेतो.’ लेख छापून आला त्या दिवशी चित्रकाराचा फोन. आवाज शांत. म्हणाले, “आभार. पण चित्रं ॲक्रिलिकमधली आहेत. पत्रकात चूक झाली होती, म्हणून दारावर चिठ्ठी लावली होती आम्ही.” म्हणजे ती चिठ्ठी ओलांडूनच मी आत गेलो होतो! तेव्हापासून पत्रक खिशात घडी करून ठेवतो आणि बाहेर पडताना वाचतो.

आपल्याकडची परीक्षणं काढून बघा. ‘रंगांची उधळण’, ‘रेषांची लय’, ‘समृद्ध भावविश्व’. ही वाक्यं कुणालाही चिकटतात, मंडपातल्या भाड्याच्या खुर्च्यांसारखी. आज या लग्नात, उद्या त्या बारशाला.

वर्गात मुलांना मी एकाच चित्रासमोर वीस मिनिटं बसवतो. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचं लिहून होतं. मग चुळबुळ. बाराव्या मिनिटाच्या सुमारास कुणीतरी उठून जवळ जातं. एकदा एका मुलीने लिहिलं होतं, ‘सुंदर निळी पार्श्वभूमी’. विचारलं, कोणता निळा? ती गप्प. म्हटलं, आईबरोबर साडीच्या दुकानात जातेस ना? तिथे आई निळी साडी मागते का? मोरपंखी मागते, चिंतामणी मागते, आकाशी नको म्हणते. ती परत चित्राकडे गेली आणि लिहून आणलं : ‘वरच्या बाजूला मोरपंखी, खाली उतरताना राखाडी होत जातो, आणि डाव्या कोपऱ्यात रंग पोहोचलेलाच नाही, कॅनव्हास उघडा आहे.’ आता प्रश्न पडतो : तो कोपरा उघडा का ठेवला? समीक्षा इथे सुरू होते. साडीच्या काऊंटरवरच्या बायकांकडे रंगांचे जेवढे शब्द आहेत, तेवढे आपल्या समीक्षेत नाहीत, याची मला लाज वाटते.

खरी परीक्षा अमूर्त चित्रकार गायतोंड्यांच्या चित्रांसमोर होते. वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४, नागपूरचा, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली बाहेर पडले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं. चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. मग लिहिणारा घाबरतो आणि ‘ध्यान’, ‘शून्य’, ‘झेन’ लिहून मोकळा होतो. झेनची, म्हणजे त्या ध्यानमार्गी बौद्ध पंथाची ओढ त्यांना होती, खोटं नाही. पण त्या भिंतीवर आधी रंग आहे. रोलरने पसरलेला, सुरीने खरवडलेला, कागदाचे तुकडे दाबून उचललेला. एक थर दुसऱ्याच्या आतून दिसतो. हे कसं झालं असेल ते आधी सांगा. शून्याचं मग बघू. हाताचं काम न सांगता अध्यात्म सांगणं म्हणजे पुरणपोळीवर बोलताना पुरणच विसरणं.

आणि प्रदर्शन म्हणजे नुसती चित्रं नव्हेत, मांडणीही. मुंबईचं एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट घ्या. १९११ची इमारत, सर कावसजी जहांगीर हॉल. पूर्वी तिथे सभा आणि मैफली होत, १९९६पासून कलादालन. अर्धवर्तुळाकार दालनं, जिने चढत वर जायचं, शेवटी घुमट. इथे क्युरेटरने, म्हणजे मांडणी ठरवणाऱ्याने खाली काय ठेवलं आणि घुमटाखाली काय, यावर तुम्ही दमून कशापाशी पोहोचता ते ठरतं. काचेवर दिव्याची तिरीप पडून चित्राऐवजी स्वतःचाच चेहरा दिसत असेल, तर तेही लिहा. कुरकुर नव्हे ती. पाहणाऱ्याला काय दिसलं, त्याचाच तो भाग आहे.

जहांगीर आर्ट गॅलरीची गोष्ट वेगळी. तिथलं प्रदर्शन साधारण आठवडाभराचं. परीक्षण छापून येईपर्यंत भिंती रिकाम्या होतात. म्हणजे तुमच्या वाचकाने चित्र पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. त्याला तुमचं मत कशाला हवं, जर मत कशाबद्दल आहे हेच दिसत नसेल?

ओळखींबद्दल थोडं. हे क्षेत्र लहान. सगळे सगळ्यांना ओळखतात. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकारांचा गट उभा राहिला, तेव्हा त्यांच्यावर लिहिणारे समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन त्यांचे पाठीराखेही होते. जवळीक म्हणजे गुन्हा नव्हे. जवळच्यालाच काही गोष्टी दिसतात. फक्त वाचकाला ते कळू द्या. मी स्वतः मित्राच्या प्रदर्शनावर लिहिलं तर पहिल्या परिच्छेदातच तसं सांगतो. मित्र चिडतात. एकाने दोन वर्षं चहाला बोलावलं नाही.

आणि चित्राखालच्या लाल टिकल्या मोजू नका. विकलं गेलं एवढंच त्यातून कळतं.

चहा साडेपाचला आहे, म्हणजे अजून अर्धा तास. शेजारच्या दालनात डाव्या भिंतीवर तिसरं चित्र. फोन इथेच टेबलावर ठेवा, पेन्सिली त्या डब्यात आहेत. ‘सुंदर’ लिहिलंत तर खोडरबरही आहे.