बोटीचा तळ घासू नका

मंडळी, वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं बनवण्यात आयुष्य गेलेले तीन-चार जण पहिल्या रांगेत दिसताहेत. त्यांना मी पितळ काय शिकवणार? सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. तेच पितळ माझ्या हातात आहे, फक्त इथं त्याची आगबोट झालीय.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे ढीग पडत. त्यातून फुलदाण्या झाल्या, राखदाण्या झाल्या, रणगाडे आणि युद्धनौकाही झाल्या. ‘खंदकातली कला’ म्हणतात, पण बरीचशी घडली आघाडीच्या मागं: वर्कशॉपमध्ये, इस्पितळात, युद्धकैद्यांच्या छावणीत.

ही बोट मला पारोळ्याकडच्या एका आजींनी दिली. देवघरात बाळकृष्णाशेजारी असायची. मी जहाज म्हटलं, तर म्हणाल्या, “भाऊ, हाई जहाज नही, आगबोट शे.” त्यांचे आजेसासरे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होते. आता तिथलं कूत गाव म्हटलं की आपल्याला तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला घातलेला वेढा आठवतो, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत आपल्या मराठा पलटणीही होत्या. पण तिथल्या तायग्रिस नदीवर इंग्रजांच्या छोट्या गनबोटी, म्हणजे तोफा बसवलेल्या बोटीही लढत होत्या. त्यांचे सुटे भाग जहाजानं आणून इराणातल्या अबादान बंदरात जोडले होते. त्यातली ‘फायरफ्लाय’ १९१५ला तुर्कांच्या हाती पडली आणि १९१७ला परत मिळाली. या बोटीलाही तसंच एक धुराडं, पुढं एक तोफ. ही तीच, असं मी म्हणणार नाही. पण तापीकाठच्या माणसानं तायग्रिसवर काय पाहिलं असेल, हे मला हिच्याकडं बघून कळतं.

तळाला १९१५ असा ठसा होता. आणि बाजूला खिळ्यानं ठिपके-ठिपके ठोकून लिहिलेलं, ‘एरंडोल’. ‘र’चा एक ठिपका सुटलेला. बोट फिरवली की बोटाला ती अक्षरं लागत.

एका प्रदर्शनाला मी बोट दिली. चार दिवसांनी परत आली ती सोन्यासारखी चकाकत. कुणीतरी प्रेमानंच बफ मारून, म्हणजे यंत्रावर घासून घेतला होता. ठसा पुसट, एरंडोल गेलं. मी काढलेले सगळे फोटो वरच्या बाजूचे, तळाचा एकही नाही. आजींना कसं सांगायचं म्हणून दोन महिने पारोळ्याला गेलो नाही. आजही ते बोलताना माझा आवाज बसतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. कबूल केलेलं ‘अस्सल कसं ओळखावं’ आता भराभर सांगतो. आधी तळ बघा. पुंगळीच्या बुडावर बनवणाऱ्याची अक्षरं, वर्ष, लॉट असतो. पण ठसा पुंगळीचा असतो, बोट नंतरही झालेली असू शकते; युद्ध संपल्यावर पर्यटकांसाठीही अशा वस्तू बनल्या. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर सावध व्हा, तो १९३०च्या दशकात आला. मग वस्तू तरी नंतरची किंवा दुरुस्ती तरी. झाळ, म्हणजे जोडाचा डाग कुठं लागलाय ते बघा, कोपऱ्यातला काळा थर बघा. तोफेच्या जागी ३०३ रायफलचं काडतूस असेल आणि त्याच्या बुडावरच्या टोपीवर पिनेचा खड्डा नसेल, तर ते जिवंत असू शकतं; हात लावू नका, पोलिसांना कळवा.

आणि चिंच, राख, पावडर काही नको. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका. तळाचा फोटो आजच काढा.

आता बोट तुमच्यात फिरवतो. दोन्ही हातांनी धरा. ताई, पदरानंही पुसू नका.