यील्ड: पीक, खंड आणि शरणागती

(अलिबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ‘यील्ड’ हा इंग्रजी शब्द शेतीच्या पत्रकात भेटतो, बँकेत भेटतो, इंजिनिअरच्या हिशेबात भेटतो. शेतात तो पीक, कर्जरोख्यात परतावा, लढाईत शरणागती. विद्यार्थी विचारतात, पिकवणं आणि हार मानणं एकाच शब्दात कसं काय बसलं? याचं अर्धं उत्तर कोशात आहे. उरलेलं अर्धं इथून जवळच, चरी गावात आहे.

सोपे अर्थ आधी उरकतो. शंभराचा रोखा वर्षाला सात रुपये व्याज देतो. तोच पंच्याण्णवला मिळाला तर यील्ड सातच्या वर जातं. म्हणून रोख्याचा भाव चढला की यील्ड उतरतं. घर बांधताना सळईच्या नावातला ५०० आकडा पाहिला असेल. चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन ताण येईपर्यंत ती सळई कायमची वाकत-ताणत नाही. त्यापुढे मात्र ती यील्ड होते, मूळ मापावर येत नाही. परदेशात रस्त्यावर हा शब्द पाटीवर असतो: समोरच्याला आधी जाऊ द्या. आपल्याकडे घाटात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमच आहे.

आता मूळ. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता देणं फेडणं, चुकतं करणं. जर्मन भाषेत पैशाला ‘गेल्ड’ म्हणतात, तो याच कुळातला. जमिनीने पीक देणं आणि माणसाने हत्यार खाली ठेवणं हे अर्थ नंतर आले. आधी होती ती वसुली.

कोकणातल्या कुळाला, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भात झोडून रास खळ्यावर पडली की पहिलं माप खंडाचं, म्हणजे खोताला, गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराला, जमिनीपोटी द्यायच्या धान्याचं. कुठे अर्धेल, म्हणजे निम्मं पीक. कुठे मक्ता, म्हणजे खंडी-मणांत आधीच ठरलेला आकडा, मग पाऊस कसाही पडो. कबुलायत, म्हणजे अटी मान्य असल्याचा कागद, कुळाकडून लिहून घेतलेली, पण भरलेल्या खंडाची पावती मिळायची नाही. वर वेठबिगारी होतीच. पिकवणं, फेडणं आणि मान तुकवणं ही तिन्ही कामं एकाच खळ्यावर, एकाच माणसाने करायची. इंग्रजी शब्दाचे तिन्ही अर्थ तिथे शेजारी शेजारी उभे होते.

म्हणूनच चरीचा संप मला एवढा मोठा वाटतो. १९३३ साली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीन कसायचंच थांबवलं. पीक घेऊन खंड नाकारला असता तर जप्ती आली असती. त्यांनी पीकच काढलं नाही. खारजमिनीत हे फार अवघड असतं, कारण बांधांकडे दुर्लक्ष झालं की भरतीचं पाणी आत शिरतं आणि शेत वर्षानुवर्षं नासतं. आपल्या डोळ्यांदेखत शेत पडीक होताना पाहणं शेतकऱ्याला किती जड जातं, हे इथे बसलेल्यांना मी काय सांगावं? लाकूडफाटा, करवंदं विकून घरं चालवली, पण संप १९३९ पर्यंत टिकला. इतकी वर्षं उपाशी पोटी एका शब्दाचे सगळेच अर्थ नाकारणारी माणसं मला दुसरीकडे कुठे आढळली नाहीत.

मधल्या काळात, १९३७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ च्या कुळकायद्यात ‘संरक्षित कूळ’ आलं, म्हणजे मालकाला मनाला येईल तसं काढता न येणारं कूळ. खोती जायला मात्र १९४९ चा कायदा यावा लागला.

एक विनंती करतो. तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, त्या काळची कबुलायत किंवा खंडाचा हिशेब असेल तर तो रद्दीत घालू नका. एक पान असलं तरी वाचनालयात आणून द्या. आपण त्याची नक्कल करून घेऊ आणि कागद तुम्हाला परत देऊ.