‘कॉल ऑफ’ आणि 14 बटाटेवडे

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘इंग्रजी वाक्प्रचार शिकण्याची सोपी रीत’. रीत सांगणारच आहे, पण त्याआधी 14 बटाटेवड्यांचा जुना हिशेब द्यायचा राहिलाय, तो देतो.

साल 1983. पिंपरीच्या एका कारखान्यात मी नवा कारकून. शिक्षण मराठी माध्यमातलं, पण दहावीला इंग्रजीत 71 मार्क, त्यामुळे मान ताठ. बुधवारच्या मीटिंगची तयारी सुरू होती, आणि साहेब सोमवारी मुंबईला निघता निघता माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेले: ‘प्लीज कॉल ऑफ वेनस्डेज मीटिंग.’ मी ती दोनदा वाचली. ‘कॉल’ म्हणजे बोलावणे, हे पाचवीपासून पाठ. ‘ऑफ’मध्ये मात्र दोन एफ. म्हटलं, घाईत साहेबांचा एक एफ जास्त पडला! आपल्या तोंडी एक एफवाला आणि दोन एफवाला, दोन्ही ‘ऑफ’च. तेव्हा अर्थ सरळ: बुधवारच्या मीटिंगला लोकांना बोलवा.

बोलावले. सातही पुरवठादारांना फोन. नाशिकचा ट्रंक कॉल लागायला अख्खी दुपार गेली. ते गृहस्थ म्हणाले, ‘पाऊस फार आहे हो.’ मी म्हटलं, ‘साहेबांनी लेखी कळवलंय.’ बुधवारी सगळे हजर; नाशिककर पहाटेच्या एसटीनं, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. माणशी दोन वडे सांगितले होते. साहेब नव्हतेच, कारण ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. वड्यांचे पैसे माझ्या पगारातून वळते झाले. शिवाय पुढे वर्षभर ऑफिसात माझं नाव ‘कॉल ऑफ’ पडलं ते वेगळंच.

तुम्ही हसताय, पण माझी तक्रार खरी आहे. शाळेत आम्हाला काय शिकवलं? ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. मुसळधार पाऊस, वाक्यात उपयोग करा, दोन मार्क. पुढे नोकरीत कितीतरी इंग्रज पाहुणे पाहिले, छत्री उलटी होईपर्यंत भिजलेले पाहिले, पण कुत्रीमांजरं एकाच्याही तोंडून पडली नाहीत. ‘कॉल ऑफ’, ‘पुट ऑफ’, ‘टर्न अप’ मात्र दर तासाला. जे रोज लागतं ते गाइडात नव्हतं, कारण ते दिसायला फार साधं. म्हणींना निदान नटणं-मुरडणं असतं. त्यांच्याकडे कडधान्य सांडलं की गुपित फुटतं, आपल्याकडे हातावर तुरी दिल्या की माणूस पळून जातो. डाळी दोघांच्याही उपयोगाच्या. एखाद्या इंग्रजाला ‘हातावर तुरी’ शिकवून बघा, बिचारा ओंजळ पुढे करेल.

आणि ही अडचण आपलीच, असंही नाही. सॅम्युएल जॉन्सननं 1755 साली आपला इंग्रजी कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यानं स्वतः कबूल केलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची आमची खोड परक्यांना सगळ्यात जड जाते. म्हणजे मुद्दल सव्वादोनशे वर्षांचं, आणि व्याज मी भरलं.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. बरं, रीत.

माझं म्हणणं एवढंच की ही खोड आपल्यालाही आहे, त्यामुळे घाबरू नका. ‘विसरून बसलो’ म्हणताना कोण बसतं? ‘फेकून दिलं’मध्ये कोणाला काय दिलं? तसंच त्यांचं. म्हणून क्रियापदाच्या याद्या पाठ करू नका. मागचा छोटा शब्द धरा आणि मराठीतला त्याचा भाऊ शोधा. ‘अप’ बऱ्याचदा आपलं ‘टाकणे’: ईट अप, खाऊन टाक; यूज अप, वापरून टाक. ‘ऑन’ म्हणजे ‘राहणे’: रीड ऑन, वाचत राहा. ‘अवे’ म्हणजे ‘देणे’: थ्रो अवे, फेकून दे. सगळीकडे लागू पडत नाही, ‘पुट अप विथ’ला माझ्याकडे उत्तर नाही, ते सहनच करायचं. पण निम्मं ओझं उतरतं.

दुसरं, घाईत सांगतो. ‘इट’, ‘देम’ आले की ते मधे जातात: ‘टर्न इट ऑफ’; ‘टर्न ऑफ इट’ कधीच नाही. ‘लूक आफ्टर’ मात्र फोडायचं नाही, ‘लूक आफ्टर हर’च. कोणतं फुटतं ते बऱ्याचदा ऐकून कळतं: फुटणाऱ्यात आवाजाचा जोर मागच्या शब्दावर पडतो, टर्न ‘ऑफ’, ‘लूक ॲट’मध्ये तो ‘लूक’वर. कान लावून बातम्या ऐका.

तिसरं, नको तिथे ‘अप’ चिकटवू नका. ‘कोप अप विथ’ आपण ‘कीप अप विथ’च्या नादानं बोलतो, ते नुसतं ‘कोप विथ’. आणि लंडनच्या मुलाखतीत ‘मी 1998 साली पास आउट झालो’ म्हणू नका, त्यांना वाटेल चक्कर आली. खडकवासल्याच्या कॅडेटांना मुभा आहे, त्यांची परेडच त्या नावाची.

चौथं होतं... चिठ्ठी आली. ‘आवरतं घ्या.’ बघा, यातही कोणी काही घेत नाही. इंग्रजीत ‘रॅप अप’, तिथंही गुंडाळायला कागद लागत नाही. या चिठ्ठीचा अर्थ मला एकदाच वाचून कळला, तेव्हा खाली बसतो.