पाच मिनिटं दहा सेकंद

पहाटेचे साडेचार. यवतमाळ जिल्ह्यातला एक डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंनी कमरेएवढी पऱ्हाटी. अंधारात माणसं दिसत नाहीत, नुसता बुटांचा आवाज येतो. हे पोट्टे पोलीस भरतीची तयारी करताहेत.

पुरुष उमेदवारानं १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढले की २० पैकी २० गुण. गोळाफेक आणि १०० मीटर धरून ग्राउंड ५० गुणांचं. जागा थोड्या, पोट्टे हजारो. एकेका गुणानं लिस्टमधलं नाव जातं.

पुलाच्या कठड्यावर एक बॅग आहे. भिजवलेल्या चण्यांच्या डब्याखाली, रुमालात गुंडाळलेली काचेची बाटली : मेफेंटरमाइन. मागच्या भरतीतल्या कुणीतरी सांगितलं, "एक सुई घे गड्या, दमच लागत नाही."

हे औषध ऑपरेशन थिएटरातलं. कमरेत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम उतरला, तर भूलतज्ज्ञ ते मोजून देतात, नजर मॉनिटरवर ठेवून. इथे ते बाभळीच्या आडोशाला मित्र टोचतो. रक्तदाब चढतो, काळीज धडधडायला लागतं. दम तर लागतच असतो, तो कळेनासा होतो. थांब म्हणणारं शरीरच गप्प केलं, की पोट्टा धावत राहतो; आणि ठोके बिघडले तर जवळ डॉक्टर नसतो. एकच सुई तिघांत फिरली, तर कावीळ आणि एचआयव्हीची भीती वेगळीच.

तालुक्याच्या जिममध्ये टेस्टोस्टेरॉन चालतं. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. दंड फुगतात, वृषण आकसतात, शुक्राणू घटतात. लग्नाला दोन वर्षं होऊन पाळणा हलत नाही, अन् गाव बोल लावतं बायकोला. हे फार जिव्हारी लागतं.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला देशी खेळ दाखवून आला. अंग कमावणं या मातीला नवं नाही. पण या रस्त्यावर ना कोच, ना ट्रॅक. नापिकीच्या घरातला, वय बाद व्हायला आलेला पोरगा घड्याळाशी एकटाच झगडतो. त्याला मी दोष देणार नाही. चिठ्ठी न मागता बाटली हातात ठेवणाऱ्याला देईन.

शिट्टी वाजते. बॅगेचा मालक आज ५ मिनिटं १९ सेकंदांवर आला. गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून श्वास घेतोय. ग्राउंडला बारा दिवस उरलेत. डबा उघडून तो सगळ्यांना चणे वाटतो. रुमाल तसाच गुंडाळलेला आहे.