वेळासच्या पुळणीवरचा पहारा

(दृश्य: पहाटेचा किनारा, सुरूची झाडं, ओल्या वाळूत उमटलेला कासवाचा माग.)

वेळास. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातलं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासात त्याचं नाव येतं. हिवाळ्याच्या रात्री इथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी चढून येते, मागच्या पायांनी वाळू उकरते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. पिल्लांची वाट पाहायला ती थांबत नाही. मागे राहतो फक्त तिचा माग, थेट घरट्यापर्यंत नेणारा.

त्याच मागावरून माणसं अंडी काढायची, खायला आणि विकायला. माणसांच्या हातून सुटलेल्या घरट्यांवर कुत्री आणि कोल्हे टपलेले असायचे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, पण मध्यरात्री किनाऱ्यावर तो राबवणार कोण? आणि गावात त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. आजोबांनी काढली, वडिलांनी काढली, मग आपण काढली तर काय बिघडलं?

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करत इथं आले. वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाशी बोलायला सुरुवात केली. कासव म्हणजे काय, ते कुठून येतं, अंडी गेली तर पुढं काय होतं, हे सगळं सांगितलं.

ही माहिती हवीच होती. पण नुसत्या माहितीवर वेळास बदललं असं म्हणणं गावावर अन्याय करणारं आहे. माग ओळखण्याचं कसब गावातल्याच माणसांकडे होतं. संस्थेनं बाहेरून पहारेकरी आणले नाहीत, गावातलीच माणसं मानधनावर या कामाला लावली. अंडी शोधणारी नजर आता अंडी राखू लागली. शेजारचाच माणूस रात्रभर किनारा तुडवत घरटी सांभाळतोय म्हटल्यावर, ती उकरायला कोण धजावेल? दंडाची भीती लांबची असते, शेजाऱ्याची नजर जवळची.

(दृश्य: कुंपण घातलेली हॅचरी, म्हणजे अंडी राखण्याची जागा. घरट्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या.)

काम कसं चालतं ते जवळून पाहू. पहाटे माग दिसला की घरटं हलक्या हातानं उघडतात. अंडी न उलटवता, न हिंदकळवता उचलतात आणि भरतीच्या रेषेपासून दूर, कुंपणाच्या आत आणतात. तिथं मादीनं केला होता तसाच, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, रांजणासारखा खड्डा करून अंडी पुन्हा पुरतात. शेजारी तारखेची पाटी लागते. साधारण पन्नास दिवसांनी आतली पिल्लं वर सरकू लागतात आणि वाळू खचू लागते. मग घरट्यावर टोपली ठेवतात आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात.

इथं अमेरिकेतल्या एका प्रयोगाची आठवण होते. अॅरिझोनात अश्मीभूत, म्हणजे दगड बनलेल्या, लाकडाचं राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक तिथले तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चालदिनी आणि सहकाऱ्यांनी दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेल्यानं जंगलाची हानी झाली’ अशा अर्थाच्या पाटीपाशी खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ या अर्थाच्या पाटीपाशी २ टक्क्यांहूनही कमी. अनेक जण नेतात हे ऐकलं की नेणं हीच रीत वाटू लागते. आपल्याकडचे कित्येक फलक आजही ‘लोक नदी घाण करतात’ असं ओरडून सांगतात आणि नकळत घाण करणाऱ्याला सोबत मिळवून देतात.

वेळासनं उलटं केलं, राखणारी माणसं लोकांसमोर आणली. २००६ पासून इथं कासव महोत्सव भरू लागला, पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला लोक येऊ लागले. पाहुणे गावातल्याच घरांमध्ये उतरतात, त्यांच्याच स्वयंपाकघरातलं जेवतात. कासवानं घराला मिळकत दिली, हे लपवायचं कारण नाही. पोट आणि प्रतिष्ठा एकाच बाजूला आली म्हणून ही रीत टिकली.

किनाऱ्यावर दोरी बांधलेली असते. फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. पहिल्या रांगेतले शांत बसले की मागून येणारेही बसतात. गर्दी मात्र वाढते आहे, आणि तिला आवर घालण्याचा निर्णय गावालाच घ्यावा लागणार आहे. टोपलीखाली एकही पिल्लू न निघालेल्या दिवशी रुसणारा पाहुणाही त्यांनाच समजवावा लागतो.

(दृश्य: गुहागरचा किनारा, रात्र. विजेरीचा तांबडा उजेड.)

वेळासपाठोपाठ आंजर्ले आणि गुहागरसारख्या किनाऱ्यांवरही घरटी राखली जाऊ लागली. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा बिल्ला दिसला, क्रमांक ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेनं तो २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर लावलेला होता. पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिम किनाऱ्यावर येऊन अंडी घालते, हे त्या रात्रीमुळं कळलं. कारण तिची अंडी नेण्यासाठी नव्हे, तिच्यासाठी तिथं माणूस जागा होता.