हवा कुठून शिरते?
(इंदूरच्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित लेखरूप)

मंडळी, आपल्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये ओट्यावर आता व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा काढून तिचं तोंड चिकटवणारं मशीन, दिसायला लागलं आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाही तर परदेशात. त्यांना शेव पाठवायची, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला पाठवायचा. थंडीत मटार स्वस्त झाले की सोलून फ्रीझरमध्ये ठेवायचे. मशीन आल्यावर थोडे दिवस घरभर कौतुक होतं. मग कधीतरी मोटर घुंई घुंई करत राहते आणि पिशवी मात्र होती तशी ढिलीच. घरात निकाल लागतो, "पंप गेला." मशीन माळ्यावर चढतं.

माझ्याकडे अशी मशीनं दुरुस्तीला येतात. खरोखर पंप गेलेलं मशीन त्यांत क्वचित असतं. बहुतेक वेळा हवा कुठून तरी आत शिरत असते आणि बिचारा पंप तीच हवा पुन्हा पुन्हा बाहेर टाकत बसतो. म्हणून आज मला एवढंच सांगायचं आहे, की पंपाला दोष देण्याआधी हवा शिरायची जागा शोधा. शोधायची एक रीत आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आधी मशीन काय करतं ते पाहू. पिशवी घट्ट होते ती बाहेरच्या हवेच्या दाबामुळे. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजन. पंप आतली हवा काढतो आणि पिशवी दाबायचं काम बाहेरची हवा करते. जर्मनीत सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके यांनी तांब्याचे दोन अर्धगोल जोडून त्यांतली हवा काढली, दोन्हीकडे घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. हा प्रयोग बऱ्याच जणांनी शाळेत वाचला असेल. पण त्यातला माझ्या धंद्याचा भाग सहसा कोणी सांगत नाही. दोन अर्धगोलांच्या सांध्यात त्यांनी मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं चामड्याचं कडं घातलं होतं. ते कडं नसतं तर घोडे आणायची गरजच पडली नसती. तुमच्या सीलरमध्ये त्या कड्याचं काम फोमच्या दोन पट्ट्या करतात. एक खाली, पिशवीचं तोंड ठेवतात आणि जिथून पंप हवा ओढतो त्या खोबणीभोवती, आणि एक वर झाकणात. त्यांना गॅस्केट म्हणतात.

आता पहिली परीक्षा. पिशवी न लावता झाकण बंद करा, दोन्ही खटके बसू द्या आणि मशीन चालू करा. पिशवी नसली की वरची पट्टी थेट खालच्या पट्टीवर बसते आणि खोबणी आपोआप बंद होते. मशीन धड असेल तर थोड्याच सेकंदांत मोटरचा आवाज बदलतो, झाकण हातानं उचलता येत नाही आणि हवा सोडताना फुस्स आवाज येतो. असं झालं तर पंप ठणठणीत आहे, गॅस्केटही ठीक आहेत आणि खोट पिशवीत किंवा ती लावण्यात आहे. असं झालं नाही तर खोट मशीनमध्ये. अर्धं काम इथेच उरकतं. ही परीक्षा न करता स्क्रू ड्रायव्हर हातात घेणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

समजा मशीन पास झालं. मग पिशवी बघा. घरगुती मशीनला एका बाजूनं खरबरीत, जाळीदार नक्षीची पिशवी लागते. त्या नक्षीतल्या बारीक वाटांमधून हवा तोंडापर्यंत येते. साधी गुळगुळीत पिशवी लावली की दाबपट्टीखाली तिचे दोन्ही थर एकमेकांना चिकटतात, आतली हवा आतच राहते आणि मशीनला वाटतं काम झालं. सियागंजच्या बाजारातून किलोवर आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या या मशीनला चालत नाहीत त्या यामुळेच. त्या फक्त सील करायला चालतील, हवा काढायला नाही.

दुसरं, पिशवीचं तोंड. ते खोबणीत पडलं पाहिजे. अलीकडे राहिलं तर पंपाचा पिशवीशी संबंधच येत नाही. मागच्या गॅस्केटच्या पलीकडे गेलं तर बाहेरची हवा तोंडातून सरळ आत येते. तोंडावर एक चुणी पडली तरी गॅस्केटखाली तेवढीच एक नळी तयार होते. म्हणून पिशवीची दोन्ही टोकं हलकेच ताणून ठेवा. वर चार बोटं जागा रिकामी सोडा. पिशवी गच्च भरली की तोंड सपाट बसतच नाही.

आता आपल्या इंदूरचा खास प्रश्न, शेव. शेवेची टोकं आणि कडक मिक्श्चरचे कोपरे पिशवीला आतून सुईएवढी भोकं पाडतात. सील केली तेव्हा पिशवी घट्ट असते, दुसऱ्या दिवशी सैल. लोक मशीनला बोल लावतात. खात्री करायची असेल तर एक रिकामी पिशवी सील करून रात्रभर ठेवा. ती सकाळी घट्ट असेल तर मशीन निर्दोष आहे, भोक मालानं पाडलंय. संशयित पिशवी पाण्यात बुडवून दाबली तर बुडबुडे नेमके कुठून येतात तेही दिसतं. मुळात शेवेला पूर्ण व्हॅक्यूम द्यायचाच नसतो. २० बाय ३० सेंटिमीटरच्या पिशवीवर ६० किलोपास्कलचा फरक पडला तर एकेका बाजूवर साडेतीनशे किलोंच्या वर भार येतो. शेवेचा भुगाच होणार. नमकीनवाले पाकिटं फुगवून त्यांत नायट्रोजन भरतात ते काही उगाच नाही. घरी करायचंच असेल तर शेव आधी कागदात गुंडाळा, थांबून थांबून हवा काढायचं बटण वापरा आणि पिशवी मालाला नुसती टेकली की लगेच सील करा.

हे झालं पिशवीचं. आता पहिल्या परीक्षेत मशीनच नापास झालं असं धरू. तीच परीक्षा पुन्हा करा, पण या वेळी झाकणाची दोन्ही टोकं तळहातांनी जोरात दाबून धरा. दाबल्यावर ओढ आली तर गॅस्केट दबलंय किंवा खटका सैल झालाय. मला दिसलेल्या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त इथेच मिटतात.

गॅस्केट कधी नीट निरखून पाहिलंय? जागेवरून हळूच उपसून काढा आणि उजेडात धरा. ज्या बाजूवर रोज दाब येतो ती चपटी, चकचकीत झालेली असते आणि खालची बाजू अजून फुगीर, मऊ असते. फोमच्या छिद्रांत हळद बसलेली असते. कोपऱ्यावर नखानं दाबल्यासारखी एक चीर असते आणि ती पट्टी जागेवर असताना दिसत नाही. कधी कोथिंबिरीची एक काडी पट्टीखाली आडवी पडलेली असते. हवा शिरायला तेवढी काडी पुरते. पट्टी कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत पूर्ण वाळवा आणि उलटी करून बसवा. फुगीर बाजू वर आली की बरेचदा मशीन लगेच चालतं. चीर गेलेली पट्टी मात्र बदलावीच लागते. घट्ट बसावी म्हणून तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, त्यानं फोम खराब होतो. आणि काम झालं की खटके मोकळे ठेवा. झाकण बंद करून महिनोन् महिने ठेवलं तर पट्टी न वापरताच दबून जाते.

तरीही ओढ नसेल तर आत जावं लागतं. ज्या मशीनला बाजूला, डब्यातली हवा काढायच्या नळीसाठी भोक असतं, तिथे एक सोपी खूण आहे. मशीन त्या मोडवर लावून भोकावर बोट ठेवा. बोट चांगलं ओढलं गेलं तर पंप जिवंत आहे आणि दोष खोबणीच्या बाजूला आहे. बोटाला काहीच जाणवलं नाही तर नळी, झडप किंवा पंप.

एका बाईंचं मशीन आलं होतं. लाल तिखट भरून भरून त्याची ओढ गेली होती. पंप उघडला तर आतल्या रबरी झडपेच्या पाकळीखाली तिखटाचा ओला थर बसला होता, अगदी मेणासारखा लाल. पाकळी कागदाएवढी पातळ असते. ती टेकली नाही की पंप काढलेली हवा परत घेतो. स्वच्छ करून बसवल्यावर तोच पंप नव्यासारखा चालला. तिखट, बेसन, भाजणी भरताना वर कागदी रुमालाची घडी ठेवली असती तर हे झालंच नसतं. रश्श्याचं, वरणाचं तसंच. आधी डब्यात गोठवा, मग पिशवीत घाला. पाणी पंपात गेलं की भुकटीचा चिखल होतो.

आत आणखी दोन जागा बघायच्या. पंपापासून खोबणीपर्यंत जाणारी सिलिकॉनची नळी टोकाला निसटलेली किंवा चिरलेली असते. आणि बऱ्याच मशीनांत काम संपल्यावर हवा आत सोडणारी एक छोटी विजेवरची झडप असते. तिच्यात कचरा अडकला तर ती अर्धवट उघडी राहते. हे काम प्लग काढूनच करायचं, आणि वॉरंटी चालू असेल तर करायचंच नाही. आतल्या वीजपुरवठ्याच्या भागाला प्लग काढल्यावरही थोडा वेळ हात लावू नका.

एका गृहस्थांनी मघाशी विचारलं, की खोक्यावर उणे ८० किलोपास्कल लिहिलंय आणि त्यांनी काटा लावून मोजलं तर ७५ येतं, मग फसवणूक झाली का? नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. इथे बाहेरच्या हवेचा दाबच सुमारे ९५ किलोपास्कल, आणि काटा आतला दाब बाहेरच्यापेक्षा किती कमी आहे तेवढंच दाखवतो. तोच पंप मुंबईत ८० दाखवेल आणि इथे ७५. खोट समजू नका.

सील टिकत नसेल तर तो प्रश्न ओढीचा नसतो. सीलच्या रेषेवर तूप किंवा पीठ लागलंय का, सील करणाऱ्या गरम तारेवरची टेफ्लॉनची पट्टी जळून करपलीय का, एवढं बघा. लागोपाठ पिशव्या करताना मध्ये मिनिटभर मशीनला श्वास घेऊ द्या.

शेवटी एक गोष्ट, आणि ती मी काळजीनं सांगतो आहे. प्रत्येक सैल पिशवी मशीनची तक्रार नसते. ताजी भाजलेली कॉफी, कोबी, इडलीचं पीठ हे स्वतःच वायू सोडतात आणि पिशवी फुगते. पण शिजवलेलं अन्न फुगलं तर गोष्ट वेगळी. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू नेमके तिथेच वाढतात जिथे हवा नसते, ओलावा असतो आणि आंबटपणा कमी असतो. त्यांचे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत. म्हणून भुट्ट्याचा कीस, भाजी, वरण व्हॅक्यूममध्ये ठेवलं तरी फ्रीजमध्येच जायला हवं, आणि जास्त दिवस ठेवायचं तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये. सोललेला कच्चा लसूण आणि मशरूम व्हॅक्यूम करून बाहेर ठेवूच नका. बाहेर ठेवायचं ते फक्त कोरडं. डाळ, मसाला, शेव. शिजलेल्या अन्नाची पिशवी फुगलेली दिसली तर उघडून वास घेऊ नका, चव तर नाहीच. अन्न चांगलं दिसलं तरी ती पिशवी न उघडता टाकून द्या.