आधी पार्किंग बघा, मग शोरूम

मंडळी, जुनी गाडी काढून नवी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ॲव्हरेज किती देते? तो प्रश्न आज तिसरा ठेवू. पहिला प्रश्न असा, की तुमची गाडी महिन्याला किती चालते आणि एका दमात किती चालते? दुसरा, रात्री ती उभी कुठे असते? डिझेल, पेट्रोल की इलेक्ट्रिक, याचा निम्म्याहून अधिक निकाल या दोन उत्तरांतच लागतो.

पहिल्याचं उत्तर घरातच आहे. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलावर त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग छापलेलं असतं. दोन वर्षांच्या अंतराची दोन बिलं काढा, वजाबाकी करा, २४ने भागा. मनातला अंदाज आणि हा आकडा सहसा जुळत नाहीत. शहराबाहेर किती वेळा पडलात, हे फास्टॅगच्या स्टेटमेंटवर दिसेल.

एका दमात किती, हे मी मुद्दाम विचारतो, कारण डिझेलचा सगळा खेळ तिथे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचं नवं मानक आलं आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा जाळीदार फिल्टर बसला. काजळी साठली की ती जाळावी लागते, आणि त्यासाठी फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. गाडी हे स्वतःच करते. जळण झाल्यानंतर सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल सोडते, ते पुढे एक्झॉस्टमध्ये पेटून फिल्टर तापतो. या कामाला सलग दहा ते वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगाने चालणं लागतं. आता सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, तीन किलोमीटर. संध्याकाळी भाजी आणायची, दोन किलोमीटर. इंजिन तापायच्या आतच बंद. काजळी तशीच राहते, आणि न जळलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

ही गोष्ट डोळ्यांनी बघता येते. सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा. ऑइल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्या वर गेलेलं असेल आणि बोटाला लावून डिझेलचा वास आला, तर ऑइल पातळ झालंय. त्याचा पहिला फटका टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगला बसतो. तेव्हा ऑइल बदलायचंच, पण नुसतं बदलून भागत नाही, चालवण्याची पद्धत बदलावी लागते. काजळी जाळण्याचं काम चालू असल्याच्या खुणाही सांगतो. गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा किंचित वर राहणं, इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा फॅन बराच वेळ फिरत राहणं. अशा वेळी लगेच बंद करू नका. हायवेला घ्या, खालच्या गिअरमध्ये दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून वीस मिनिटं चालवा. ज्याच्या आठवड्यात असा एकही फेरा नाही, त्याने आज नवी डिझेल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुणे-नाशिक, पुणे-कोल्हापूर ज्यांचं नेहमीचं आहे, त्यांच्यासाठी मात्र डिझेलसारखं सुख नाही. भरली गाडी घेऊन घाट चढताना तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, कळतो.

दिल्लीतली जुन्या डिझेल गाड्यांवरची दहा वर्षांची अट ऐकून इथेही लोक घाबरतात. ती दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशापुरती आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यापुढे फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण.

आता हिशेब. पेट्रोल १०४ रुपये आणि शहरात १४चं ॲव्हरेज धरा, किलोमीटरला साधारण ७ रुपये ४० पैसे. डिझेल ९० रुपये आणि १८चं ॲव्हरेज, ५ रुपये. फरक २ रुपये ४० पैशांचा. त्याच मॉडेलची डिझेल गाडी ऑन-रोड १ लाख ३० हजारांनी महाग पडत असेल, तर ते पैसे वसूल व्हायला सुमारे ५४ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ८०० किलोमीटरवाल्याला साडेपाच वर्षं, २००० वाल्याला सव्वादोन. नेहमी ऑन-रोड किंमतच धरा, कारण महाराष्ट्रात एकरकमी वाहनकर पेट्रोलला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, तर डिझेलला १३ ते १५ टक्के आहे. एक्स-शोरूमच्या आकड्यात हा फरक दिसत नाही.

पेट्रोलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कमी आणि तुकड्यातुकड्याने चालणाऱ्या गाडीला ते आजही सगळ्यात बिनघोर. जुनी गाडी घेत असाल तर एवढंच बघा, की ती ई२० इंधनासाठी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, बनलेली आहे का. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांच्या बाबतीत मॅन्युअल उघडून खात्री करा. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच. त्यासाठी गॅरेजवाल्याच्या मागे लागू नका.

इलेक्ट्रिकचा निकाल पार्किंगमध्ये लागतो. एका युनिटला ६ किलोमीटर धरले, तर ८०० किलोमीटरला १३३ युनिट, चार्जिंगमधली गळती धरून १५०. घरची वीज १२ रुपयांनी पडली तर किलोमीटरला सव्वादोन रुपये. सगळं चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर, २२-२४ रुपयांनी केलं, तर चार रुपयांच्या आसपास. पेट्रोलच्या तुलनेत बचत पाच रुपयांवरून साडेतीनावर आली, म्हणजे गाडीचे जादा पैसे वसूल होण्याचा काळ दीडपट झाला. आणखी एक खाच आहे. घरचा वापर २०० युनिट असेल आणि त्याच मीटरवर हे १५० चढले, तर महावितरणच्या ३०० च्या वरच्या टप्प्यात जाता आणि तिथला दर चढा आहे. म्हणून ईव्हीसाठी वेगळं मीटर मागा.

पार्किंगमधल्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्री दहा तासांत साधारण ३० युनिट भरतात. रोजच्या वापराला हे भरपूर झालं. पण तो सॉकेट दहा तास सलग भार घेतो. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, हा होत नाही. स्क्रू ढिला असेल तर आधी तिथेच तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. पहिल्या आठवड्यात रोज रात्री अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. सात किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवायचा तर मीटरपासून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) आणि मंजूर भारात वाढ, हे सगळं लागतं. जुन्या सोसायट्यांत अडतं ते अर्थिंगवर. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, आणि लोक गाडीला दोष देतात. गाडी बुक करण्याआधी वायरमनला बोलावून हे मोजून घ्या.

कागदावरची रेंज ३०० असेल तर २०० ते २२० मिळेल असं धरा, हायवेला शंभरच्या वेगाने त्याहून कमी. आणि घाटाचं एक लक्षात ठेवा. पाचगणीला मुक्कामी रात्रभर १०० टक्के भरून सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात, तर उतारावर मिळणारी वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते. रिजनरेशन, म्हणजे मोटरने वीज बनवत गाडीचा वेग आवरणं, जवळजवळ बंद राहतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वर मुक्काम असेल तर ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा, वाईपर्यंत त्यात थोडी भर पडलेलीच दिसेल.